बधिर जिभेची साक्ष

दात उपटणे ही माणसाच्या फार जुन्या शस्त्रक्रियांपैकी एक. सुश्रुतसंहितेतल्या शस्त्रांच्या यादीत दंतशंकू आहे, आणि शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला मद्य पाजावे असा सल्लाही त्याच ग्रंथात आहे. म्हणजे हत्यार होते आणि वेदनेवरचा उपायही होता. पण तो उपाय सबंध माणसाला गुंगवणारा होता. फक्त दुखरी दाढ बधिर करायची आणि बाकीचा माणूस जागा, शुद्धीवर, बोलता ठेवायचा, ही गोष्ट प्रत्यक्षात यायला १८८४ साल उजाडावे लागले.

मी दंतवैद्य नाही आणि वैद्यकाचे औपचारिक शिक्षणही मला मिळालेले नाही. जुन्या वैद्यकीय नियतकालिकांचे खंड चाळण्याचा नाद मात्र पंचविसेक वर्षांचा आहे. त्या वाचनात एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटत राहिला : दुखत नाही हे ठरवायचे कोणी? भूल देणाऱ्याने, बघणाऱ्याने, की जो खुर्चीत बसला आहे त्याने? दंतवैद्यकातील स्थानिक भुलीचा इतिहास सहसा औषधांच्या नावांनी सांगितला जातो. कोकेन, मग नोव्होकेन, मग लिग्नोकेन. मला तो साक्षीचा इतिहास वाटतो. ज्याच्या अंगात सुई गेली त्याचे म्हणणे जेव्हा जेव्हा ऐकले गेले, तेव्हा तेव्हा ही विद्या एक पाऊल पुढे गेली.

बॉस्टनमधली किंकाळी

अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. १० डिसेंबर १८४४ रोजी तो गार्डनर कोल्टनचा ‘लाफिंग गॅस’चा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, करमणुकीचा खेळ पाहायला गेला. वायू हुंगलेल्या सॅम्युएल कूली नावाच्या एका तरुणाच्या पायाला चांगलीच इजा झाली, पण खेळ ओसरेपर्यंत त्याला तिचा पत्ताच नव्हता. प्रेक्षक हसले; वेल्स विचारात पडला. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः तो वायू घेतला आणि सहकारी जॉन रिग्ज याच्याकडून आपली दाढ काढून घेतली. या कथेतला पहिला साक्षीदार असा स्वतः दंतवैद्यच आहे.

पुढे जानेवारी १८४५ मध्ये वेल्सने बॉस्टनमध्ये डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर प्रयोग केला. वायूची पिशवी जरा लवकर बाजूला केली गेली, दात निघताना रोगी ओरडला आणि सभागृहाने ‘थोतांड’ म्हणून निकाल देऊन टाकला. त्या रोग्याने नंतर सांगितले, की थोडे दुखले, पण अशा वेळी एरवी दुखते तितके नाही. किंकाळी सगळ्यांनी ऐकली, जबानी कोणी ऐकली नाही. पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, वेल्सचाच एके काळचा भागीदार विल्यम मॉर्टन याने त्याच शहरात ईथरचा प्रयोग यशस्वी केला आणि कीर्ती त्याच्याकडे गेली. मॉर्टनही दंतवैद्यच. वेल्सने पुढे क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर केले, त्याच्या आहारी गेला आणि जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आपला जीव घेतला. अमेरिकन दंतवैद्यांच्या संघटनेने शोधाचे श्रेय त्याला दिले ते १८६४ मध्ये.

वायू आणि ईथर, दोन्ही उपायांत रोगी आपल्या वेदनेबद्दल बोलू शकत नव्हता, कारण तो शुद्धीवरच नव्हता. शिवाय एका दातासाठी सबंध माणूस बेशुद्ध करणे म्हणजे श्वासाची जोखीम, जवळ आणखी एक माणूस आणि नंतरची मळमळ. दातांचे बहुतेक काम काही मिनिटांचे. त्याला वेगळा उपाय हवा होता.

जिभेवरचा कण

तो उपाय दक्षिण अमेरिकेतल्या कोका या झुडपाच्या पानांत होता. १८६० मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आल्बर्ट नीमन याने त्या पानांतून कोकेन वेगळे केले आणि लिहून ठेवले, की हे जिभेवर ठेवले तर जीभ बधिर होते. ही नोंद छापली गेली, वाचली गेली आणि चोवीस वर्षे तशीच पडून राहिली.

१८८४ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नामध्ये सिग्मंड फ्रॉइड कोकेनवर लिहीत होता. पण त्याचे लक्ष औषधाने येणाऱ्या उत्साहाकडे होते. त्याचा तरुण मित्र कार्ल कोलर डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी बधिर करणारे द्रव्य शोधत होता. एका सहकाऱ्याने कोकेन चाखून जीभ बधिर झाल्याचे सहज म्हटले आणि कोलरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बेडूक आणि ससा झाल्यावर त्याने व त्याच्या सोबत्याने कोकेनचे थेंब स्वतःच्या डोळ्यांत घातले आणि टाचणीने बुबुळाला स्पर्श करून पाहिला. काही जाणवले नाही. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध वाचला गेला. प्रवासखर्च परवडत नसल्यामुळे कोलर स्वतः गेला नाही. निबंध दुसऱ्याने वाचला.

बातमी अटलांटिक ओलांडून गेली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि रिचर्ड हॉल या तरुण सर्जनांनी तिला वेगळे वळण दिले. कोलरने द्रव्य पृष्ठभागावर टाकले होते. १८५० च्या दशकापासून त्वचेखाली टोचायची पोकळ सुई डॉक्टरांच्या हाती होती. त्या सुईने कोकेन थेट नसेच्या मुळाशी नेले तर तिच्या पुढचा सगळा प्रदेश बधिर होईल, असा या दोघांचा तर्क होता. हॉलस्टेडने खालच्या जबड्यात शिरणारी नस अशी अडवून दाखवली. हॉलने कोकेन टोचून घेऊन स्वतःचा दात भरून घेतला, आणि डिसेंबर १८८४ मध्ये हे सगळे वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज गल्लोगल्लीच्या दवाखान्यात ज्याला नुसते ‘ब्लॉक’ म्हणतात, त्याची ही जन्मनोंद.

या साक्षीची किंमत मोठी होती. एकमेकांवर आणि विद्यार्थ्यांवर प्रयोग करता करता ही मंडळी कोकेनच्या विळख्यात सापडली. १८८५ मध्ये हॉलस्टेडने कोकेनवर जो निबंध छापला त्याचे पहिलेच वाक्य इतके भरकटलेले आहे, की लिहिणाऱ्याची अवस्था त्यातूनच कळते. पुढे तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अमेरिकेतला अग्रगण्य सर्जन झाला, पण कोकेनच्या जागी आलेले मॉर्फिन त्याला सुटले नाही. दंतवैद्यांनी त्याच्या या कामाचा गौरव केला तो १९२२ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी.

तीन औषधे

कोकेन व्यसन लावणारे होते आणि मात्रा चुकली तर जीव घेणारेही. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी दोन गोष्टी शोधल्या गेल्या : कमी विषारी द्रव्य, आणि ते जागेवर धरून ठेवणारे काहीतरी. दुसरी गोष्ट आधी मिळाली. जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत ॲड्रिनलिन शुद्ध रूपात वेगळे केले. हाइनरिख ब्राउन या जर्मन सर्जनाने १९०३ मध्ये ते कोकेनमध्ये मिसळून दाखवले. ॲड्रिनलिन जागच्या रक्तवाहिन्या आवळते. त्यामुळे औषध रक्तात लवकर वाहून जात नाही, थोडे पुरते आणि जास्त वेळ टिकते. हात-पाय बांधून रक्त अडवतात, तसा हा रासायनिक पट्टा.

म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्नने १९०४-०५ च्या सुमारास प्रोकेन तयार केले. बाजारात ते नोव्होकेन या नावाने आले. व्यसन लागत नाही, विषारीपणा कमी. आइनहॉर्नला ते मोठ्या शस्त्रक्रियांसाठी हवे होते, पण त्याचे खरे चाहते झाले दंतवैद्य. जर्मनीतील गिडो फिशरसारख्या दंतवैद्यांनी त्याची पद्धतशीर शिकवण दिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात हार्वे कुक या अमेरिकन लष्करी डॉक्टराला बंदुकीच्या काडतुसावरून कल्पना सुचली, की औषधाची मोजकी मात्रा काचेच्या नळीत आधीच भरून ठेवावी. दंतवैद्याच्या सिरिंजमधल्या नळीला आजही काडतुसाचेच नाव आहे, कार्ट्रिज. आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत मात्र ३० मिलिलिटरच्या बाटलीतून साध्या सिरिंजमध्ये औषध ओढून घेतात. ते स्वस्त पडते. कार्ट्रिजमध्ये प्रत्येक रोग्याची मात्रा वेगळी आणि बंद राहते.

तिसरे औषध स्वीडनचे, आणि त्याची गोष्ट पुन्हा जिभेपाशी येते. स्टॉकहोममध्ये सातूच्या एका वाणातील ग्रामिन या द्रव्याचा अभ्यास चालू होता. १९३५ च्या सुमारास होल्गर एर्टमन याने त्याचे एक भावंड, आयसोग्रामिन, बनवले आणि त्या काळच्या रसायनतज्ज्ञांच्या सवयीप्रमाणे चाखून पाहिले. जीभ बधिर झाली. ते द्रव्य औषध म्हणून कामाचे नव्हते, पण धागा हाती आला. त्याचा सहकारी निल्स लॉफग्रेन तो धागा वर्षानुवर्षे ओढत राहिला. १९४३ मध्ये लिडोकेन तयार झाले. तरुण बेंग्ट लुंडक्विस्टने ते स्वतःला टोचून पाहिले आणि हे आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस असल्याचे सांगितले. १९४८ मध्ये ॲस्ट्रा कंपनीने ते झायलोकेन म्हणून विकायला काढले. ब्रिटिश नाव लिग्नोकेन. आपल्याकडे तेच रुळले.

नीमन, कोलरचा सहकारी, एर्टमन. तिन्ही वेळा जीभ आधी बोलली. फरक इतकाच, की नीमनच्या जिभेचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही, आणि नंतरच्या दोघांच्या जिभेचे घेतले.

वेदना कुठे अडवायची?

औषध ठरले तरी मुख्य प्रश्न उरतोच : ते ठेवायचे कुठे? दंतवैद्यकातील पद्धतींची तुलना मुळात जागेची तुलना आहे. दाताच्या गाभ्यापासून मेंदूपर्यंत एक वाट जाते. प्रत्येक पद्धत त्या वाटेवर वेगळ्या ठिकाणी नाका बसवते.

सर्वांत सोपा नाका दाताच्या मुळाच्या टोकाशी. वरच्या जबड्याचे हाड पातळ आणि सच्छिद्र असते. हिरडीच्या वरच्या घडीत औषध सोडले, की ते हाडातून झिरपत मुळापर्यंत पोहोचते. हे ‘इन्फिल्ट्रेशन’. वरच्या दातांना ते बहुधा हमखास लागू पडते. टाळूत टोचावे लागले तर मात्र डोळ्यांत पाणी येते, कारण तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते आणि औषधाला पसरायला जागा नसते.

खालच्या दाढांचे हाड जाड. तिथे औषध झिरपत नाही. म्हणून हॉलस्टेडचा मार्ग : नस जबड्याच्या आतल्या बाजूने हाडात जिथे शिरते, तिथे २० ते २५ मिलिमीटर आत सुई नेऊन औषध सोडायचे. अर्धा जबडा आणि त्या बाजूचा ओठ बधिर होतो. एका टोचणीत अनेक दातांचे काम होते हा फायदा. पण ते प्रवेशद्वार बाहेरून दिसत नाही आणि प्रत्येकाच्या जबड्यात ते किंचित वेगळ्या ठिकाणी असते. हा ब्लॉक साधारण १५ ते २० टक्के वेळा पुरेसा लागू पडत नाही, असे दंतवैद्यकाची पाठ्यपुस्तकेच सांगतात.

त्यावर उपाय शोधणारेही जगभर निघाले. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज गाउ-गेट्स यांनी १९७३ मध्ये नस आणखी वर, जबड्याच्या सांध्याजवळ अडवायची रीत प्रसिद्ध केली. तिला तोंड पूर्ण उघडावे लागते. उलट १९६० मध्ये वझिरानी यांनी आणि १९७७ मध्ये नायजेरियाच्या अकिनोसी यांनी तोंड मिटलेले असतानाच, वरच्या दाढांच्या हिरडीला समांतर सुई नेण्याची रीत मांडली. आपल्या दृष्टीने ही दुसरी रीत महत्त्वाची. सुपारी आणि गुटख्याने तोंडाची आतली त्वचा ताठरते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. दोन बोटेसुद्धा आत जात नाहीत असे रुग्ण महाराष्ट्रातल्या दंतवैद्यांना नवे नाहीत. राज्याने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली, पण ताठरलेले जबडे बंदीने सैल होत नाहीत. अशा माणसाची दाढ काढायची तर मिटल्या तोंडाची ही रीत कामी येते.

आणखी जवळचा नाका दात आणि हाड यांच्यामधल्या बारीक फटीत. तिथे जोराने दाबून थेंबभर, ०.२ मिलिलिटरच्या आसपास, औषध सोडतात. तेवढाच दात बधिर होतो, ओठ मोकळा राहतो. रक्त न गोठण्याचा आजार असलेल्यांना खोल ब्लॉकमध्ये आत रक्त साकळण्याचा धोका असतो. त्यांना ही रीत उपयोगी. तोटा असा, की परिणाम लवकर ओसरतो आणि दात एक-दोन दिवस ठणकू शकतो. काही जण हाडाला बारीक छिद्र पाडून औषध थेट आत सोडतात. तो उपाय झटपट आणि खात्रीचा, पण ॲड्रिनलिनमुळे काही मिनिटे छातीत धडधडते. १९९७ पासून संगणकाने ठरावीक संथ गतीने औषध सोडणारी यंत्रेही आली. टोचताना होणारी बरीचशी वेदना औषध घाईने ढकलल्यामुळे होते. एक मिलिलिटरला एक मिनिट, एवढा धीर धरणारा हात असेल तर यंत्राचे बरेचसे काम तो हातच करतो.

औषधही बदलत राहिले. १९६९ मध्ये जर्मनीत तयार झालेले आर्टिकेन हाडातून चांगले झिरपते. खालच्या दाढांशी नुसते इन्फिल्ट्रेशन करायचे असेल तर ते लिग्नोकेनपेक्षा सरस ठरल्याचे अभ्यास आहेत. ब्लॉकमध्ये मात्र दोघांत फारसा फरक दिसत नाही. कॅनडातील ओंटारिओमधून १९९५ मध्ये आर्टिकेननंतर जीभ वा ओठ दीर्घकाळ बधिर राहिल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. अशा घटना विरळ आहेत आणि दोष औषधाचा की सुईचा, हा वाद अजून चालू आहे.

ओठ बधिर, दाढ जागी

काही वर्षांपूर्वी खालच्या दाढेच्या रूट कॅनालसाठी मी एका दवाखान्यात बसलो होतो. ब्लॉक दिला होता. ओठ जड झाला का, असे विचारून डॉक्टरांनी त्यावर टोचून पाहिले. मला काही जाणवले नाही. ड्रिल दाढेत शिरले आणि कळ थेट कानात गेली. मी हात वर केला. “काका, ओठ बधिर आहे ना? मग दुखायला नको,” डॉक्टर म्हणाले आणि काम पुढे चालू झाले. ते वाईट डॉक्टर नव्हते. त्यांना शिकवलेली खूण खरी ठरली होती आणि माझे म्हणणे त्या खुणेशी जुळत नव्हते, एवढेच.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळले, की ही खूणच अपुरी आहे. दाताला विजेचा सौम्य धक्का देऊन त्याचा गाभा जागा आहे की नाही हे तपासता येते. अशा तपासणीत वारंवार दिसून आले आहे, की ओठ पूर्ण बधिर असूनही दाढेचा गाभा जागा असू शकतो. कारणे अनेक. काही दाढांना मुख्य नसेखेरीज आडवाटेने येणाऱ्या नसांचाही पुरवठा असतो. ती वाट ब्लॉकने बंद होत नाही. सुजलेल्या, पू झालेल्या भागात आम्लता वाढते. भुलीच्या औषधाचे जे कण विद्युतभारहीन असतात तेच नसेचे आवरण ओलांडू शकतात. आम्लतेत असे कण कमी उरतात, म्हणून औषध दाराशीच अडते. शिवाय सुजलेल्या गाभ्याच्या नसा एरवीपेक्षा चटकन पेटतात. पिकलेल्या दाताला इंजेक्शन लागत नाही असे आपल्याकडे म्हणतात, त्यात तथ्य आहे. ज्याची दाढ सर्वांत जास्त दुखते, त्यालाच भूल सर्वांत कमी लागू पडते. असा माणूस ‘अजून दुखतंय’ म्हणतो तेव्हा तो नाजूक किंवा भित्रा असतो असे नाही. त्याच्या दाढेचे रसायनच तसे असते.

हे कळले की पुढचा मार्गही दिसतो. ब्लॉक फसला तर त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचण्यापेक्षा नाका बदलायचा : बाहेरून आर्टिकेनचे इन्फिल्ट्रेशन, फटीतली मात्रा, किंवा हाडातून. आजच्या दंतवैद्यकात हे सगळे शिकवले जाते. पण ते वापरायचे कधी, हे कळण्यासाठी खुर्चीतल्या माणसाचे ऐकावे लागते.

याचे परिणाम एका दाढेपुरते राहत नाहीत. लहानपणी एकदा ‘काही दुखत नाही, गप्प बस’ असे ऐकलेला मुलगा मोठेपणी लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून महिने काढतो, आणि दवाखान्यात येतो तेव्हा गाल सुजलेला असतो, दाढ वाचवण्याची वेळ गेलेली असते आणि भूल नीट लागू न पडण्याचीही पुरेपूर तयारी झालेली असते. मग पुन्हा दुखते आणि भीती आणखी पक्की होते. माझ्या आत्याने अशा भीतीपायी पन्नाशीच्या आत सगळ्या दाढा घालवल्या. कवळी बसवायलाही ती तयार नव्हती.

दोन पद्धतींची तुलना करणारे आजचे अभ्यास पाहिले, की त्यांत मापाचे साधन फार साधे असते : कागदावरची दहा सेंटिमीटरची एक रेघ. एका टोकाला ‘अजिबात वेदना नाही’, दुसऱ्या टोकाला ‘कल्पनेतली सर्वांत मोठी वेदना’. रोगी त्या रेघेवर खूण करतो आणि संशोधक पट्टीने ती मोजतो. विजेचे परीक्षक आले, संगणकाच्या सिरिंजा आल्या, पण कोणती पद्धत बरी याचा निकाल बहुतांशी या खुणेवरच लागतो. १८४५ मध्ये बॉस्टनच्या त्या रोग्याने ‘थोडे दुखले, पण नेहमीइतके नाही’ असे सांगितले, तेव्हा तो अशीच एक खूण करत होता. त्याच्यासमोर रेघ ठेवायचे कोणाला सुचले नाही.

आता चांगले दंतवैद्य ड्रिल सुरू करण्याआधी सांगतात, “दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन.” या वाक्याला औषध लागत नाही की यंत्र लागत नाही. हात वर झाल्यावर खरोखर थांबणे मात्र लागते.